मोटर न्यूरॉनच्या रुग्णाला नुसते ‘घरी न्या’ म्हणू नका

महोदय,

२१ जूनला वर्तमानपत्रांची पाने योगदिनाच्या छायाचित्रांनी भरून जातात. मोटर न्यूरॉन आजाराचा जागतिक दिवसही त्याच तारखेला असतो, पण त्याची ओळभर बातमी सापडत नाही. या आजारात स्नायूंना हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात आणि हातपाय, बोलणे, गिळणे, शेवटी श्वासही हळूहळू दुबळा होतो. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायची लाट आली होती, ती याच आजारासाठी होती. मी सोलापूर भागात घरोघरी जाऊन काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. असे रुग्ण माझ्यापर्यंत येतात तेव्हा बराच वेळ वाया गेलेला असतो.

सुरुवात साधी असते. सदऱ्याचे बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटते, जीभ जड होते. दुखत नाही, मुंग्या येत नाहीत, म्हणून साधा अशक्तपणा समजून बी-१२ ची इंजेक्शने चालू होतात. मग मानेचा एमआरआय होतो. पन्नाशीनंतर मणक्यांची थोडीफार झीज बहुतेकांत दिसतेच, आणि सगळा दोष तिच्या माथी जातो. काहींची शस्त्रक्रियाही होते, तरी हात वाळतच राहतो. या आजाराची अमुक एक रक्ततपासणी नाही. न्यूरॉलॉजिस्टचा (मज्जाविकारतज्ज्ञाचा) अनुभव आणि ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी) यांवरच मुख्य भिस्त. पण ज्या हाताचे स्नायू वाळलेत त्याच हाताचे रिफ्लेक्स (हातोडीने ठोकल्यावर येणारा झटका) वाढलेले असतील, दंडावर कातडीखाली सारखी फडफड दिसत असेल, तर मानेच्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवायलाच हवे. उलट बाजूही आहे. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी हा नसांचा वेगळा आजार बराचसा असाच दिसतो आणि तो इम्युनोग्लोब्युलिनने (शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांनी) सुधारू शकतो. तरुण मुलांमधला, हात वाळवणारा हिरायामा आजार बहुधा काही वर्षांत आपोआप थांबतो. अशांना चुकून हाच शिक्का बसला तर काय होईल?

माझी खरी तक्रार मात्र निदानानंतरची आहे. ‘याला औषध नाही, घरी न्या, सेवा करा,’ एवढे ऐकून माणसे परततात. आजार बरा होत नाही हे खरेच. रिलुझोल ही गोळी १९९५ पासून आहे, तीही आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनीच वाढवते. पण इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या २००६ मधल्या अभ्यासात, ज्यांचे बोलणे-गिळणे फार बिघडले नव्हते अशांना बायपॅपमुळे (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रामुळे) सुमारे सात महिने जास्त मिळाले, तेही बऱ्या झोपेचे. गोळीपेक्षा मास्कने जास्त दिले! आमच्याकडे हा मास्क लागतो तो आयसीयूत. त्याआधी कित्येक आठवडे सकाळी डोके दुखत असते, उताणे झोपवत नाही, दिवसा पेंग येते. विचारत कोणी नाही. घरचे कोविडकाळातला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर काढून लावतात. बोटावरचा आकडा छान दिसतो, पण श्वासाचे स्नायूच थकले असतील तर नुसत्या ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड आणखी साठून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो.

अन्न देण्यासाठी पोटात बसवायच्या नळीचेही तेच. फुप्फुसांची क्षमता निम्म्याखाली जाण्याआधी ती बसवणे जास्त सुरक्षित. पण ‘अजून दोन घास जातायत की’ म्हणून दिवस ढकलले जातात. गिळणे सुरक्षित असेल तोवर नळी असूनही चवीपुरते तोंडाने खाता येते, हे कोणी सांगतच नाही. मला तर ‘मॅडम, जोर लावून व्यायाम करून घ्या’ असा आग्रह असतो. थकलेल्या स्नायूंना दमवून ताकद येत नाही. सांधे आखडू नयेत आणि खोकून कफ निघावा, माझे काम तेवढेच.

वाचा गेली तरी डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत राहते. अक्षरांच्या तक्त्यावर नजरेने बोलता येते, पण काना, मात्रा, जोडाक्षरे जुळवता जुळवता आजोबा दमतात. म्हणून आम्ही तयार वाक्यांचा तक्ता करतो: ‘कूस बदला’, ‘लाळ पुसा’, ‘पंखा कमी’. एका काकांनी सर्वांत वर ‘सगळे गप्प बसा’ लिहायला लावले होते.

सरकारकडून अपेक्षा फार नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत, मोटर न्यूरॉनचे नाही. प्रमाणपत्र हातापायांच्या अपंगत्वावर मिळते खरे, पण ते त्या दिवशीच्या टक्क्यांवर, आणि हा आजार महिन्या-महिन्याला पुढे सरकतो. घरी वापरायच्या बायपॅपचा खर्च मेडिक्लेम सहसा देत नाही. या पोकळीत स्टेम सेलवाले (मूळपेशी टोचून बरे करण्याची आशा दाखवणारे) लाखोंची पॅकेजे विकतात. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारात स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तरीही लोक शेत विकून जातात.

जिल्हा रुग्णालयांनी कोविडकाळात घेतलेल्या बायपॅपपैकी किती आज चालू आहेत, याची मोजदाद करावी आणि वापराविना असलेली यंत्रे अनामत घेऊन या रुग्णांना घरी द्यावीत. यासाठी नवी योजना लागत नाही, सिव्हिल सर्जनचा एक आदेश पुरेल.

– एक फिजिओथेरपिस्ट, सोलापूर