तालुकाभर शाळा फिरणाऱ्या आमच्या रिसोर्स टीचर (शिकताना अडचण येणाऱ्या मुलांच्या विशेष शिक्षिका) बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आमची धाकटी यंदा तिसरी पास होऊन चौथीत गेली. मराठीचे पुस्तक ती आता स्वतः वाचते. बोट ठेवून, थांबत थांबत वाचते, पण पानावर जे छापले आहे तेच वाचते. हे तुमच्यामुळे झाले, आणि सत्तरी तालुक्यातल्या बाकीच्या पालकांनाही ते कळावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

आधी ती वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. धडा एकदा कानावरून गेला की तिला तोंडपाठ. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरत्या तर मोठ्यांच्या आधी तिच्या ओठांवर. पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणायची आणि पानही अगदी वेळेवर उलटायची. त्यामुळे दुसरीपर्यंत कुणाच्या लक्षात आले नाही. न ऐकलेला मजकूर पुढे आला की मात्र हिचे पोट दुखायला लागे. नातेवाइकांत कुणी आळस म्हणाले, कुणी टीव्हीला दोष दिला. तुम्ही वर्गात मागे बसून तिचे ऐकलेत आणि मग त्याच धड्यातली वाक्ये शेवटाकडून एकेक करून वाचायला दिलीत. तिथे ती अडली. एवढ्या साध्या युक्तीने दोन वर्षे झाकलेली गोष्ट उघडी पडली.

तरी तुम्ही लगेच कसलेही नाव दिले नाहीत. आधी डोळे आणि कान तपासून घ्या म्हणालात. शाळेत मुलांची तपासणी करायला सरकारी आरोग्य पथक येते, त्या डॉक्टरांशी तुम्हीच बोललात. दोन्ही ठीक निघाल्यावर आम्हाला बसवून विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणजे काय ते सांगितलेत. बुद्धीशी याचा संबंध नाही, अक्षर आणि आवाज यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही, हे त्या दिवशी तिच्या आजीलाही पटले. प्रमाणपत्र साधारण आठ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते, पण काम त्यासाठी थांबवायचे नाही, असेही तुम्ही बजावलेत.

आणि काम काय सुंदर केलेत! तिला काय आवडते असे तुम्ही विचारलेत, मी माटोळी म्हटले, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची, पानाफुलांची सजावट. आजोबांबरोबर रानात जाऊन माटोळीचे सामान आणणे हा तिचा वर्षाचा सण. तुम्ही त्याचीच शब्दकार्डे केलीत. तिचा मोठा घोटाळा पहिल्या वेलांटीचा. ‘नि’ म्हणताना आधी न ऐकू येतो आणि मग इ, लिहिताना मात्र वेलांटी आधी. ती ऐकल्या क्रमाने लिहायची, म्हणून निरफणसाचा ‘नरिफणस’ व्हायचा. चिबुडाचेही तसेच. तुम्ही वेलांटी लाल खडूने काढलीत, ताटात रांगोळी पसरून बोटाने गिरवून घेतलीत, आणि गिरवताना आवाज मोठ्याने काढायचा हा नियम केलात. घ आणि ध, भ आणि म यांनाही हीच रीत. घरी रोज थोडाच वेळ, पण रोज, असे सांगितलेत. ते आम्ही पाळले.

तुम्ही तिला वेगळ्या खोलीत एकटी पाडली नाहीत, याचे मोल मला फार वाटते. ओळीपुरती खिडकी कापलेला पुठ्ठा तुम्ही दिलात, तो आता वर्गातली इतर मुलेही वापरतात. गणितातली शाब्दिक उदाहरणे तिला वाचून दाखवायची, उत्तर तिने काढायचे, हे वर्गाच्या बाईंशी बोलून ठरवलेत. त्या बाईंचेही आभार, त्यांनी ते मनापासून केले. गणितात ती पहिल्यापासून हुशार होती, ते मग सगळ्यांना दिसले.

वाळपईहून कदंबा बसने, पावसाळ्यातसुद्धा, तुम्ही इतक्या शाळा एकट्याने सांभाळता. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे केंद्र सरकारने 2022 साली अधिसूचना काढून ठरवले आहे. तुमच्या जोडीला आणखी बाई याव्यात ही मागणी आम्ही पालकांनी लावून धरली पाहिजे, आणि मी ती पालक शिक्षक संघाच्या बैठकीत मांडणार आहे.

पुढच्या वर्षी पाचवीसाठी तिची शाळा बदलेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो, हे तुम्ही तिच्या फाईलमध्ये आतापासूनच लिहून ठेवले आहे. ती फाईल मी स्वतः नव्या शाळेत नेऊन देईन आणि तिथल्या बाईंना तुमचा फोन नंबर तुमच्या परवानगीने देईन.

चवथीला आमच्याकडे अवश्य या. माटोळीतल्या प्रत्येक फळाला यंदा तिने नावाची चिठ्ठी लावायची ठरवली आहे, आणि ती तपासायला तुम्हीच हव्यात असा तिचा हट्ट आहे.

आपली कृतज्ञ,
चौथीत गेलेल्या त्या मुलीची आई
सत्तरी, गोवा