फिरत्या वेल्डिंग ट्रेलरवरचा जनरेटर हंगामाआधी तपासून घ्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी पलूस तालुक्यातला फिरता वेल्डर. उसाच्या ट्रॉल्या फडात नाहीतर वाटेत मोडल्या की फोन येतो आणि मी पिकअपला अवजारांचा ट्रेलर जोडून निघतो. ड्रॉबारला (ट्रॉली ओढायच्या दांड्याला) तडा, पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटलेला, हुकाची पिन झिजून निम्मी झालेली, हेच रोजचं काम. गळीत हंगाम तोंडावर आला आहे. आमच्या भागात माझ्यासारखी ट्रेलर घेऊन फिरणारी पोरं दर वर्षी वाढताहेत, आणि त्यांच्या ट्रेलरवरचा जनरेटर बघितला की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून हे पत्र.

पूर्वी आम्ही शेतकऱ्याच्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढून काम भागवायचो. पण शेतीची लाईट तिच्या वेळेला येणार, आणि ट्रॉली मोडते ती तिच्या वेळेला. चार वर्षांपूर्वी जुन्या टेम्पोचा मागचा एक्सल आणि पाटे घेऊन सात बाय चारचा ट्रेलर मीच बांधला. वर चॅनल, बाजूला पत्रा, छताला ताडपत्री. सुरुवातीला जनरेटर मागच्या फाळक्यापाशी ठेवला होता, उतरवायला सोपा म्हणून. शंभर किलोच्या आसपासचं ते वजन एक्सलच्या मागं गेल्यावर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागला. जनरेटर एक्सलच्या थोडा पुढं सरकवला, हुकावर भार आला आणि ट्रेलर सरळ चालायला लागला.

जनरेटर किती मोठा घ्यायचा, यातही मी आधी फसलो. 5 केव्हीए म्हणजे खरी ताकद साधारण 4 किलोवॅट. त्यावर बारा नंबरची वेल्डिंगची काडी निवांत चालते, पण ड्रॉबारला तिच्याहून जाड दहा नंबर लावली की इंजिन धापा टाकतं, त्यात पोरानं ग्राइंडर चालू केला की संपलंच. शेवटी साडेसात केव्हीएचा घेतला. तो विकणाऱ्यानं पेट्रोल किती खातो ते सांगितलं, ऑइल कधी बदलायचं ते सांगितलं. माणूस कशानं मरतो ते सांगितलं नाही.

शॉक लागू नये म्हणून मी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट तोडणारा खटका, बसवला. टेस्टचं बटण दाबलं की खटका पडायचा, त्यामुळे मी निर्धास्त होतो. मग गावातले एक निवृत्त वायरमन काका ट्रेलर बघायला आले. त्यांनी 40 वॅटच्या बल्बचा टेस्टिंग लॅम्प घेतला, एक टोक फेजला आणि दुसरं ट्रेलरच्या सांगाड्याला लावलं. बल्ब पेटला नाही आणि खटकाही पडला नाही. काका म्हणाले, "बाळा, हा खटका नुसता शोभेला आहे."

घरच्या लाईटचा न्यूट्रल डीपीपाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) जमिनीत बांधलेला असतो. सुट्या जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा मोकळाच असतो, बॉडीला कुठंही जोडलेला नसतो. मग गळतीचा करंट परत फिरायला वाटच नसते आणि आरसीसीबीला काही कळत नाही. टेस्टचं बटण तरीही खटका पाडतं, कारण त्याची वाट आतल्या आतच असते. काकांनी न्यूट्रल आणि बॉडी एकाच जागी, आरसीसीबीच्या आधी जोडली. ट्रेलरला जाड तांब्याची वायर लावून जमिनीत अर्थिंगची सळई ठोकायला लावली. पुन्हा लॅम्प लावला तर बल्ब डोळ्याला दिसायच्या आत खटका पडला. सगळे जनरेटर एका पद्धतीचे नसतात. तेव्हा हे वाचून कुणी स्वतः वायरी उघडू नयेत, जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं. पाणी दिलेल्या फडात, ओल्या चिखलात अनवाणी उभं राहून ग्राइंडर धरणारी पोरं मी रोज बघतो.

दुसरी गोष्ट धुराची. दोन वर्षांपूर्वी अवकाळी पाऊस आला, म्हणून माझ्या भाच्यानं ताडपत्री चारही बाजूंनी खाली सोडली आणि आत बसून ग्राइंडिंग करत राहिला. जनरेटर ट्रेलरवरच चालू होता. मी ट्रॉलीखाली होतो. अर्ध्या तासानं तो बाहेर आला, कपाळ धरलेलं. "मामा, डोकं फुटतंय," म्हणाला आणि बांधावर ओकला. मला वाटलं, उपाशीपोटी चहा घेतलाय, पित्त झालं असेल. तो उठून उभा राहायला गेला आणि गुडघ्यात मोडला, तेव्हा पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जनरेटर कुठं होता?" ऑक्सिजन लावला, पोरगा वाचला. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त ओढीनं चिकटतो. त्या दिवसापासून काम सुरू करायच्या आधी जनरेटर उतरवून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पंधरा-वीस फुटांवर ठेवतो. पाऊस आला तर काम थांबतं. ताडपत्री खाली येत नाही.

तिसरी गोष्ट मी 2019 च्या महापुरानंतर बघितली. पाणी ओसरलं, लाईट नव्हती, आणि एका घरात सुटा जनरेटर दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरीनं सरळ भिंतीतल्या सॉकेटला जोडला होता. मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज उलटी डीपीत जाते, आणि डीपीतून 11 हजार व्होल्टच्या लाइनवर. खांबावर चढलेल्या माणसाला वाटतं लाइन बंद आहे. तशी वायर कुणी कितीही पैसे दिले तरी मी करून देत नाही. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईट नाहीतर जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्या म्हणतो, नाही तर दुसरीकडे जा म्हणतो.

माझी मागणी साधी आहे. साखर कारखाने हंगामाआधी वाहनांचे करार करतात, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावून घेतात. त्याच वेळी फडावर येणाऱ्या फिरत्या वेल्डरांचे ट्रेलर गट ऑफिसला बोलवावेत आणि कारखान्याच्या वायरमननं एक टेस्टिंग लॅम्प घेऊन ते बघावेत. एका ट्रेलरला पंधरा मिनिटं पुरतात. आयटीआयमध्ये वेल्डरच्या पोरांना सुट्या जनरेटरचं अर्थिंग हातानं करून दाखवावं. आणि विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला धुराचं मराठीत, तोंडानं सांगावं.

आमच्या भागातल्या कुठल्याही कारखान्यानं असा दिवस ठरवला, तर मी माझा ट्रेलर, लॅम्प आणि अर्थिंगच्या दोन जादा सळया घेऊन येईन. काकाही येतो म्हणाले आहेत.

आपला,
एक फिरता वेल्डर
ता. पलूस, जि. सांगली