लेख कमी, पैसे थोडे जास्त

प्रिय ताई,

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "महिन्याला किती लेख होतात?" मी नुसतं हं हं केलं. कारण चाराचे तीन झालेत, आणि पैसे मात्र थोडे वाढलेत. हे त्यांना फोनवर कसं पटवणार? तू समजावून सांग.

पूर्वी मी अख्खा लेख लिहून मग घेणारा शोधत फिरायचो. आता आधी संपादकांना दहा-बारा ओळींची मेल, म्हणजे पिच. त्यात नुसता विषय कळवून भागत नाही, हे उमगायला वर्ष गेलं. "पियानो सुरात लावणाऱ्यांवर लेख देऊ का?" असं तीन ठिकाणी विचारलं. नकारसुद्धा आला नाही. मग पुन्हा त्या कारागिराकडे जाऊन दुपारभर बसलो. पियानोला पट्ट्या 88, पण आत तारा सव्वादोनशेच्या आसपास. बहुतेक सुरांना तीन-तीन. हा गृहस्थ दोन तारांना रबरी पाचर लावून गप्प करतो आणि उरलेल्या एकीकडे कान देतो. कान देताना मान सारखी डावीकडे वळवायचा. विचारलं, तर म्हणाला, डाव्या कानाने हल्ली कमी येतं ऐकू. लिहिलंस तरी चालेल, म्हणाला.

नव्या पिचची पहिली ओळ तीच. चौथ्या दिवशी होकार!

वेळेचं गणितही चुकायचं. छापील मासिकं तीन ते सहा महिने पुढे चालतात. मी ऐन थंडीत थंडीचा विषय पाठवला, तेव्हा संपादिकाबाई उन्हाळ्याचा अंक लावत होत्या.

पण खरा फटका बसला तो करारात. सुरुवातीला एका मासिकाला न वाचताच सगळे हक्क लिहून दिले. पुढे तोच लेख दुसरीकडून मागितला गेला, आणि माझाच लेख मला विकता येईना. वकील बहीण असून तुला विचारलं नाही, असं म्हणशील. तू वकील आणि मी गाढव, एवढंच खरं. आता मी फक्त प्रथम प्रकाशनाचा हक्क देतो. पैसे लेख स्वीकारल्यावर मिळणार की छापून आल्यावर, तेही आधी विचारतो, कारण 'छापून आल्यावर' म्हणजे कधीकधी वर्षभराने. लेख मागवून छापलाच नाही तर थोडी किल फी मिळेल, एवढं कलम असलं तरी बरं.

त्या एका दुपारीतून संगीताच्या मासिकाला एक लेख गेला. आता आरोग्याच्या मासिकाला दुसरा देतोय, वयानुसार कान कसे मंदावतात त्यावर. तो पूर्ण नवा लिहावा लागतोय, पण माणूस तोच, टिपणं तीच.

पहिल्या लेखाचा अंक आलाय. कारागीर म्हणाला, घरी येऊन वाचून दाखव, आणि जरा मोठ्याने. शनिवारी जातोय.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
धाकटा