शिफारसपत्र साहेबांनीच लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत एमबीए प्रवेशावर लेख आला होता. कॅट, सीईटी, जीमॅट या प्रवेश परीक्षांची माहिती नेटकी होती, पण अर्जदाराच्या वरिष्ठाने लिहायच्या शिफारसपत्राची बोळवण एका ओळीत झाली. माझ्यासारख्यांचा संबंध नेमका तिथेच येतो, म्हणून हे पत्र.

मी इचलकरंजीत सव्वीस वर्षे सीए म्हणून काम करते. पक्षकार बहुतेक खर्चीवाले यंत्रमागधारक: सूत व्यापाऱ्याचे, माग यांचे, मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. आर्टिकलशिपपासून, म्हणजे सीएच्या उमेदवारीपासून माझ्याकडे काम करणारी एक मुलगी जुलैमध्ये मोबाइल घेऊन समोर बसली. "मॅडम, तुम्हाला लिंक येईल. पत्र तयार आहे, तेवढं त्यात चिकटवा." पत्र एका सल्लागाराने पैसे घेऊन लिहिलेले. त्यात 'असामान्य नेतृत्वगुण' होते, 'जागतिक दृष्टी' होती. इचलकरंजी नव्हती, माग नव्हता, मला माहीत असलेली ती मुलगीही नव्हती.

मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेत सीईटीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, तिथे पत्राचे काम नाही. पण आयएसबी, हार्वर्ड, इन्सीड या देशी-परदेशी बिझनेस स्कूलच्या अर्जात ते लागते. अनेक परदेशी संस्थांच्या फॉर्ममध्ये वरिष्ठाला एक प्रश्न ठरलेला असतो: या व्यक्तीला तुम्ही सुधारणेसाठी सांगितलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, आणि तिने ती कशी घेतली? सल्लागाराचे उत्तर होते, 'ती स्वतःवर कामाचा फार ताण घेते.' असे मी तिला कधीही म्हटलेले नाही.

मी काय म्हटले होते ते सांगते. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त 45 दिवसांत न दिल्यास तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजा मिळेल, हा आयकराचा नवा नियम लागू झाला आणि मार्च 2024 मध्ये पेठेत धावपळ उडाली. हिने आमच्या मागवाल्यांची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) तपासली, थकलेल्या मजुरीच्या याद्या केल्या. काम चोख. पण एका व्यापाऱ्याला तिने कायद्याची कलमे घालून कडक पत्र धाडले. त्याने दुसऱ्या दिवशी त्या मागवाल्याची बिमे, म्हणजे मागावर चढवायचे सुताचे रूळ, बंद केली. आठ माग बंद पडले. मी तिला बोलावून स्पष्ट सांगितले, की तुझे कलम बरोबर आहे, पण त्या माणसाची चूल त्या व्यापाऱ्याच्या सुतावर पेटते, हे तू विचारातच घेतले नाहीस. ती रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून मागवाल्याला घेऊन पेढीवर गेली आणि तीन हप्ते ठरवून आली. पुढचे प्रत्येक पत्र धाडण्याआधी तिने पक्षकाराला विचारले.

हे मी फॉर्ममध्ये लिहिले. तीन रात्री गेल्या. ती आधी घाबरली होती. चूक लिहिली तर अर्ज पडेल, असे सल्लागाराने तिच्या मनात भरवले होते. मला वाटते, चोवीस वर्षांच्या मुलीने पेढीवर जाऊन मिटवलेले ते प्रकरण तिच्या अर्जातली सर्वांत भक्कम गोष्ट आहे. तिच्या निबंधातही मग तेच आले.

आमच्या भागातले मालक, मॅनेजर अशा तयार पत्रांवर सही का करतात, तेही मला ठाऊक आहे. वेळ नसतो हे खरे, पण त्याहून जास्त इंग्रजीची धास्ती असते. त्यांना माझे सांगणे आहे, की आधी मराठीत लिहा. तारीख, रक्कम, प्रसंग लिहा. भाषा कुणा जाणकाराकडून करून घ्या, मात्र अर्जदाराकडून नको. आणि मुलांनी साहेबांना निदान महिनाभर आधी सांगावे. पहिल्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी सप्टेंबरात असते.

पुरवणीत या फॉर्ममधले प्रश्न मराठीत छापता आले तर जरूर छापावेत. ते मुलांच्या पानावर न छापता उद्योग-व्यापाराच्या पानावर छापावेत, ही विनंती.

आपली,
एक सनदी लेखापाल, इचलकरंजी