वाळकी झाडं सरसकट काढू नका

मा. संपादक, नमस्कार.

आमच्या जावळी तालुक्यात मार्चमध्ये डोंगराला वणवा लागला (लागला कसला, लावला, गवत चांगलं येतं म्हणून लावतात लोक) आणि आता गावात विषय निघालाय की जळालेली झाडं ठेकेदाराला देऊन टाका, चार पैसे येतील, नायतर कुजूनच जाणारेत. ऐकायला बरोबर वाटतं, पण एक पावसाळा तरी थांबा की राव.

एक तर मेलंय कोणतं हे आत्ता कळतच नाही. ऐन, पळस ही झाडं उन्हाळ्यात तशीच उघडीबोडकी, त्यात काळी पडलेली, म्हणजे मेलीच वाटतात, आणि पाऊस पडला की बुडातून कोंब येतात. ठेकेदाराचा माणूस ते बघत बसणार नाही.

दुसरं म्हणजे लाकूड खाली आणायला जेसीबीनं रस्ता पाडणार, ट्रॅक्टर फिरणार, माती मोकळी होणार आणि त्याच चरातून जुलैत पाणी गावात येणार. 2021 ला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या ते सगळ्यांना आठवतंय. ते अतिवृष्टीनं झालं मान्य, पण उतार आपल्या हातानं कशाला उकरायचा? उलट उतारावर आडवा पडलेला ओंडका माती अडवतो.

अमेरिकेत ओरेगॉनमध्ये 2002 ला मोठी आग लागली होती, बिस्किट फायर (खरंच हेच नाव). जिथं जळकं लाकूड काढलं तिथं नवीन रोपं 71 टक्क्यांनी कमी झाली आणि खाली उरलेल्या फांद्यांमुळं पुढच्या आगीला जळण वाढलं, असा अभ्यास 2006 ला सायन्स या विज्ञान साप्ताहिकात आला. त्यावर तिकडं बरीच भांडणंही झाली, आणि तिकडची झाडं वेगळी हेही खरं, पण ओढाओढीत रोपं चिरडतात हे सांगायला ओरेगॉन कशाला पाहिजे.

कोयना, चांदोलीत हा प्रश्नच येत नाही, राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, पडलेली झाडं काढायला सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 2000 मध्येच मनाई केलीय. प्रश्न आहे तो आमच्यासारख्या बाहेरच्या डोंगरांचा. वाळक्या खोडात सुतार पक्षी, तांबट भोक पाडतात, मग पिंगळा, साळुंकी त्यात घुसतात, ते काय अभयारण्याचा बोर्ड वाचून येतात का?

आता सगळंच ठेवा असंही म्हणत नाही. एसटीच्या रस्त्यावर, शाळेवर झुकलेली झाडं पावसाच्या आत पाडलीच पाहिजेत, गेल्या वर्षी आमच्या शेजाऱ्याच्या गाडीपुढं वाळकी फांदी पडली, थोडक्यात वाचला. आणि सिलिंडरचा भाव बघता बायका जळणाला जाणारच, त्यांनी पडलेल्या फांद्यांची मोळी आणली म्हणून डोंगर बोडका होत नाही. माझ्याच गोठ्यामागं वाळका आंबा म्हशींवर झुकलाय, तो तोडायच्या परवानगीचा अर्ज मी दिलाय. वरच्या डोंगराचं मात्र वनखात्यानं पावसाळा झाल्यावर येऊन, जिवंत कोण, मेलेलं कोण बघून, खुणा करून मग ठरवावं.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. जावळी, जि. सातारा