शेजारच्या बाईंना आधी चिठ्ठी टाक

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, लीड्सला येऊन चार महिने झाले तरी शेजारच्या बाई एकदाही "या बसायला" म्हणाल्या नाहीत. तेव्हापासून तेच मनात घोळतंय. आपल्याकडे सामानाचा टेम्पो रिकामा व्हायच्या आत शेजारून चहा येतो, म्हणून तुला ते लागलं. पण त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले, हेही तूच सांगितलंस.

शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या (1837 ते 1901) तिकडच्या चालीरीतींबद्दल बरंच वाचलं होतं. सुखवस्तू घरांत उठून कुणाकडे जायची पद्धत नव्हती. गावात नवं बिऱ्हाड आलं की आधी जुन्या रहिवाशाने जायचं, नव्याने वाट पाहायची. आधी पोचायचं ते आपलं नाव छापलेलं छोटं कार्ड. स्वतः येऊन दिलं असेल तर त्याचा एक कोपरा दुमडलेला असे. मोलकरणीने "बाईसाहेब घरी नाहीत" म्हटलं, तरी कुणी मनाला लावून घ्यायचं नाही. या भेटींना 'मॉर्निंग कॉल' म्हणत, पण जायचं दुपारी तीननंतर. बसायचं जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. बाई बॉनेट (हनुवटीखाली बांधायची टोपी) उतरवत नसे आणि पुरुष हॅट हातातच धरून बसे, म्हणजे आपण लवकर उठणार हे न बोलताच कळे. मग थोड्याच दिवसांत परतभेट. (तुझ्या गल्लीतल्यासारख्या घरांतल्या गिरणी कामगारांकडे कुठली कार्डं! त्यांचं बोलणं दारात उभ्या उभ्याच.)

पूर्वी मला हे फार कोरडं वाटायचं. पण एक रीत मनात राहिली. घरात कुणी गेलं की ओळखीचे लोक कार्ड ठेवून विचारपूस करून जात, आत जाण्याचा आग्रह धरत नसत. घरची बाई सावरली की काळ्या काठाचं आभाराचं कार्ड पाठवी. ते आलं की समजायचं, आता भेटायला गेलं तर चालेल. दार कधी उघडायचं ते तिचं तिने ठरवायचं.

म्हणून बेल वाजवू नकोस. दारातल्या पत्रांच्या फटीतून छोटी चिठ्ठी टाक. तुझं नाव, घर नंबर आणि "रविवारी चार वाजता चहाला याल का? जमेल तेव्हा आलात तरी चालेल" एवढंच लिही. उत्तर आलं नाही तर महिनाभर थांब आणि पुन्हा टाक.

आणि डब्यात बेसनाचे लाडू किती उरलेत, ते कळव. पुढच्या पार्सलात पाठवते.

तुझी,
आई