शिवाजी उद्यमनगरातील एका मेस्त्रींना जाहीर आभारपत्र

आदरणीय मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पहाटे निपाणीच्या पुढचा तवंदी घाट चढून परत आलो आणि घराखाली गाडी बंद करून बराच वेळ तिच्यातच बसून राहिलो. तुम्हाला लगेच फोन करावा असे वाटले, परंतु जे म्हणायचे आहे ते मला फोनवर धड बोलता आले नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, माझ्या गाडीचे नुकसान झाले तेव्हा मी ते भेटेल त्याला सांगत होतो. मग ज्यांनी ते निस्तरले त्यांच्याविषयी गप्प बसणे मला शोभणार नाही. तुमचे नाव आणि दुकानाचा पत्ता मात्र लिहीत नाही. "नाव नका लिवू, गर्दी हुत्या, मग कामाकडं बगायला हुत न्हाई," असे तुम्ही निघताना म्हणाला होता, ते लक्षात आहे.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. माझी गाडी म्हणजे जुनी ऑक्टाव्हिया आरएस. १७८१ सीसीचे चार सिलिंडरचे टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा असलेले) पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेणारे तीन इनलेट आणि धूर बाहेर सोडणारे दोन एक्झॉस्ट असे पाच व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरांवरच्या एका झाकणात, हेडमध्ये, वीस व्हॉल्व्ह. कंपनीतून ती १५० अश्वशक्तीची निघाली. वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढले की, तिचा दम संपतो, तो वाढवावा, एवढीच माझी इच्छा होती आणि त्यासाठी हेडचे काम करून घ्यावे असे मी ठरवले होते. त्यासाठी मी गाडी एका मोठ्या शहरातील नावाजलेल्या गॅरेजात नेली. फरशी आरशासारखी, भिंतीवर परदेशी स्पर्धांची चित्रे, बोलणे अतिशय गोड. चार महिने गाडी तिथे राहिली. परत आली तेव्हा सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता, कूलंटच्या टाकीत बुडबुडे उठत होते आणि तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा दाब, बाकीच्या तिन्हींपेक्षा कितीतरी खाली होते. विचारले तेव्हा आधी पेट्रोल वाईट म्हणाले, मग गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधला थर, वाईट म्हणाले, आणि शेवटी माझी गाडी चालवण्याची पद्धत वाईट म्हणाले.

तुमच्याकडे हेड घेऊन आलो तो दिवस मी विसरणार नाही. रिक्षातून ते उतरवताना मी नेहमीच्या सवयीने जमिनीवर टेकवायला निघालो होतो, आणि तुम्ही लेथवरून हात उंचावून "थांबा, थांबा" म्हणत आलात. आत जाऊन तुम्ही एक जुने, धुऊन पांढरेशुभ्र झालेले सुती धोतर आणले, त्याची चौपदरी घडी टेबलावर पसरली, तिच्यावर दोन लाकडी ठोकळे ठेवले आणि तळहाताने त्या ठोकळ्यांवरची धूळ पुसली. मग हेड दोन्ही हातांनी उचलून, त्याचा फेस, म्हणजे इंजिनावर टेकणारी सपाट बाजू, कशालाही लागणार नाही असे, त्या ठोकळ्यांवर आडवे ठेवले. झोपलेल्या लेकराला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवावे, तसे. त्यानंतरच तुम्ही मला बसायला सांगितले आणि चहा मागवला.

मेस्त्री, त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी का आले हे तुम्हाला कळले नसेल. त्या गॅरेजवाल्यांनी काम चालू असताना मला मोबाइलवर एक फोटो पाठवला होता. त्या फोटोत हेच हेड सिमेंटच्या जमिनीवर उपडे पडले होते, व्हॉल्व्ह उघडणारे दोन्ही कॅमशाफ्ट जागेवर, आजूबाजूला लोखंडाचा कीस. तेव्हा मला त्यात काही गैर दिसले नव्हते; उलट काम सुरू झाले म्हणून मी तो फोटो मित्रांना दाखवला होता. तुम्ही तो पाहिलात, एक शब्दही वाईट बोलला नाहीत, आणि बोटाने दाखवून समजावलेत की कॅमशाफ्ट बसवलेले असताना काही व्हॉल्व्ह उघडेच असतात, ते फेसच्या बाहेर डोकावतात, आणि हेड असे उपडे टेकवले की सगळा भार त्या उघड्या व्हॉल्व्हवर येतो. तिसऱ्या सिलिंडरचे दोन इनलेट व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. फेसवर पाण्याच्या वाटेपासून सिलिंडरच्या कडेपर्यंत नखाला लागेल असा ओरखडाही होता. पत्र्याच्या थरांचे गॅस्केट गुळगुळीत फेसवरच धरते. अशा ओरखड्यावर ते कसे धरणार? चार महिन्यांत कोणालाही हेडखाली एक फडके घालावेसे वाटले नाही.

त्यानंतर जे काम झाले त्याचा सगळा तपशील इथे लिहीत बसत नाही, आणि तो मला पूर्ण कळला असा दावाही नाही. पण तुम्ही मला जे शिकवले त्यातले थोडे लिहितो, कारण माझ्यासारखे अनेक जण बूस्टचा काटा वर गेला की ताकद वाढली असे समजतात. त्या गॅरेजनेही मला बूस्ट वाढवा असाच सल्ला दिला होता. तुम्ही मात्र उसाच्या शेतातले उदाहरण दिलेत: विहिरीवर मोटर मोठी बसवली आणि पाइप दोन इंचीच ठेवला, तर मोटर तापेल, पाइपातला दाब वाढेल, पण सरीपर्यंत पाणी तेवढेच पोहोचेल. बूस्ट म्हणजे हेडच्या दारात अडलेल्या हवेचा दाब. छोट्या टर्बोने तो आणखी वाढवला की हवा तापते, तापलेली हवा विरळ होते आणि इंजिन नॉकिंग करू लागते, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून आत ठोके बसतात. म्हणून आधी दार मोकळे करायचे, म्हणजे त्याच दाबात हवा जास्त आत जाते. इतके सोपे करून मला हे यापूर्वी कोणी सांगितले नव्हते.

मी मोठ्या मापाचे व्हॉल्व्ह मागवण्याच्या तयारीत होतो. तुम्ही ते मागवू दिले नाहीत. पाच व्हॉल्व्हच्या हेडमध्ये आधीच जागेची अडचण, त्यात मोठे व्हॉल्व्ह घातले तर दोन सीटमधली, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांमधली, भिंत बारीक होऊन तिथे भेग जाण्याची भीती, असे सांगून तुम्ही माझे बरेच पैसे वाचवलेत, आणि त्याबरोबर स्वतःचे जास्तीचे कामही गमावलेत. आहेत त्याच मापाच्या सीट तुम्ही तीन कोनांत कापल्यात, व्हॉल्व्हची दांडी ज्यांत सरकते ते गाईड बदललेत, स्प्रिंग थोड्या कडक घातल्यात, कारण बूस्टचा दाब बंद इनलेट व्हॉल्व्हला मागून ढकलत असतो आणि वरच्या आरपीएमला ढिली स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेवर बसू देत नाही. फेसवर सरळ पट्टी धरली तर मध्यभागी फीलर गेजचे, म्हणजे फट मोजायच्या साधनाचे, ०.१५ मिलिमीटरचे पान सहज जात होते. या हेडला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नाही. तरीही फेस मारताना, म्हणजे सपाट करताना, साफ होईल तेवढेच तुम्ही काढलेत, जास्तीचा एक हातसुद्धा मारला नाही, कारण हेड जितके खाली येईल तितके कॉम्प्रेशन वाढते आणि टर्बोच्या इंजिनाला ते पचत नाही.

पोर्टचे, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटांचे, काम चालू असतानाची एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. तिसऱ्या सिलिंडरचा इनलेट पोर्ट घासताना तुम्ही मध्येच ग्राइंडर बंद केलात आणि माझे बोट धरून आत फिरवायला लावलेत. मला काहीच कळले नाही. तुम्ही म्हणालात, "हितं कोअर सराकलाय. पलीकडं पाणी हाय. हितनं म्होरं मी जाणार न्हाई." शिरोलीच्या फाउंड्रीत तुम्ही उमेदीची वर्षे काढलीत, वाळूचे कोअर, म्हणजे ओतकामात आतली पोकळी राखणारे गाभे, हाताने बसवलेत, त्यामुळे साचा ओतताना कोअर केसभर सरकला तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूची पातळ होते, हे तुमच्या बोटांना ठाऊक आहे. बाकीचे पोर्ट त्या पोर्टच्या मापाला आणून तुम्ही थांबलात. मी अजून थोडे मोठे करा असा आग्रह धरला होता, तो तुम्ही शांतपणे नाकारलात. पोर्ट उगाच रुंद केला की हवेचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी सुस्त होते, हे तेव्हा मला पटले नव्हते. आज पटते आहे.

आपल्या गावाला ही हाताची विद्या नवी नाही. बाबुराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच कोल्हापुरात घडवला, आणि शेतावरची ऑइल इंजिने ओतणाऱ्या, जुळवणाऱ्या माणसांच्या कित्येक पिढ्या इथे झाल्या. ती परंपरा मी भाषणांत ऐकत होतो. तुमच्या दुकानात ती मी पाहिली.

आणखी एक गोष्ट तुम्ही कोणाला दाखवण्यासाठी केली नव्हती, ती मी सहज पाहिली. काढलेले जुने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुम्ही भंगाराच्या डब्यात टाकले नाहीत. या इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी पोकळ असते आणि तिच्यात सोडियम भरलेले असते; ते ९८ अंशांना वितळते आणि दांडीत खालीवर हलत व्हॉल्व्हच्या तोंडाची उष्णता गाईडकडे पोहोचवते. हेच सोडियम पाण्याला लागले तर भडकते. तुम्ही ते आठही व्हॉल्व्ह कोरड्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी चिकटवलीत: "भट्टीत टाकू नये. कापू नये." मी विचारले तेव्हा म्हणालात की भंगार शेवटी कुठल्यातरी भट्टीवर जाते आणि तिथे कोणाचे तरी पोरगे उभे असते. त्या पोराचा आणि तुमचा काही संबंध नाही. तो तुम्हाला कधी भेटणार नाही, तुमचे आभार मानणार नाही. माणसाची सभ्यता मी यापूर्वी बोलण्यात, कपड्यांत, दुकानाच्या फरशीत शोधत होतो, याची मला त्या दिवशी मनापासून लाज वाटली.

गाडीचे म्हणाल तर बूस्ट पूर्वीइतकाच ठेवून मॅपिंग, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली मापे नव्याने जुळवण्याचे काम, करून घेतले. एअरफ्लो सेन्सरवर हवा स्पष्ट वाढलेली दिसते. तवंदी घाटात ४,५०० आरपीएमच्या पुढे, जिथे ती पूर्वी धापा टाकायची, तिथे आता ती एकसारखी ओढत राहते, आणि वर पोहोचल्यावर पाण्याचा काटा मध्यावरून हललेला नसतो. सकाळचा धूर गेला, बुडबुडे गेले. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन पुन्हा मोजून घेतले. तो कागद तुम्हाला दाखवण्यासाठी जपून ठेवला आहे.

बिलाविषयी मी तिथे वाद घातला नाही, कारण तुम्हाला वाईट वाटले असते. पण व्हॉल्व्ह लॅप करण्यात, म्हणजे सीटवर घासून घट्ट बसवण्यात, तुमचे दोन दिवस गेले आणि बिलात त्याचा उल्लेखही नाही, हे मी पाहिले आहे.

आणि ते धोतर. हेड नेताना वाटेत धक्का लागू नये म्हणून तुम्ही ते त्याच धोतरात गुंडाळून दिले होते आणि ते माझ्याकडेच राहिले. त्याच्यावर एका कोपऱ्यात तेलाचा डाग पडला होता, तो आईने दोनदा साबण लावून काढला. धुऊन, वाळवून, तुमच्यासारखीच चौपदरी घडी करून ठेवले आहे. या शनिवारी दुपारी घेऊन येतो. दुसऱ्या कोणाचे तरी हेड टेबलावर येण्याआधी ते तुमच्या हाती पोहोचले पाहिजे.

आपला कृतज्ञ,
ऑक्टाव्हियावाला
राजारामपुरी, कोल्हापूर